तीनचा आकडा

नेर्लेकर मॅडमना सुहित चौगुलेचा संशय आला तो त्याच्या आकड्यामुळे. माणसाचा आकडा चार? रोज? सोमवारी चार, बाजाराच्या दिवशी ओपीडी ओसंडून वाहत असतानाही चार, आणि दिवाळीच्या दुसऱ्या दिवशी अख्खा तालुका फराळ खाऊन पोट धरून येतो तेव्हाही फार तर साडेचार! मॅडम एकतीस वर्षं डॉक्टरकी करत होत्या. त्यांचा स्वतःचा आकडा कधी वीसच्या खाली उतरला नव्हता, आणि खोटं कशाला बोला, त्याचा त्यांना अभिमान होता.

आकडा म्हणजे शंकांक. आपण निर्णय घेतो तेव्हा मेंदू एकाच वेळी दोन कामं करत असतो. एक, निर्णय घेणं. दुसरं, त्या निर्णयावर कितपत भिस्त ठेवायची ते ठरवणं. हे दुसरं काम तो आपल्याला न विचारता उरकतो. तोंडाने माणूस ‘शंभर टक्के मलेरिया’ म्हणत असतो, आणि त्याच वेळी कपाळामागे एक बारीक विद्युतलहर उठून सांगत असते की बाबा रे, काहीतरी चुकतंय. डोळ्याची बाहुली केसभर रुंदावते. डॉक्टर तोंडाने किती खात्री देतो याला फारसा अर्थ नसतो, पण त्याच्या मेंदूत दडलेली शंका बऱ्याचदा खरी निघते, असं संशोधकांच्या लक्षात आलं. त्यातून चष्मा बनला. काड्यांमध्ये लहरी टिपणारे संवेदक, काचेच्या कडेला बाहुली मोजणारा कॅमेरा. डॉक्टरने तपासून निदान नोंदवलं की खाटेशेजारच्या पडद्यावर आकडा उमटायचा. शून्य म्हणजे निःशंक. शंभर म्हणजे डॉक्टरला स्वतःचं नाव तरी आठवतंय का ते बघा.

हातकरंब्याच्या स्मारक रुग्णालयात हे चष्मे येऊन तीन वर्षं झाली होती, आणि ट्रस्टच्या बैठकीत चष्म्याच्या बाजूने पहिला हात मॅडमनीच वर केला होता. नियम साधे होते. आकडा पस्तिसाच्या वर गेला की केस आपोआप दुसऱ्या डॉक्टरकडे. दोघांत ज्याचा आकडा कमी, त्याचं निदान कायम. चष्म्याशिवाय रोग्याला तपासायचं नाही. विमा कंपनीची तशी अटच होती, मोडली तर नोकरी गेली म्हणून समजा. कागदावर सगळं झकास होतं. पण आकडा रोग्यांच्या घरच्यांनाही दिसायला लागला आणि तिथून बिनसलं. लोक पपईचा भाव विचारावा तसा आकडा विचारून डॉक्टर निवडायला लागले. “चौगुले डॉक्टरांचा चार असतोय, बाईंचा पंचवीस. बाईंस्नी कळत न्हाई काय?” हे मॅडमनी स्वतःच्या कानांनी ऐकलं होतं.

यात मत्सर होता का? होता, थोडा. पण सुहित त्यांचाच विद्यार्थी. इंटर्न असताना हाताची नाडी शोधताना घामाघूम व्हायचा तो हाच. त्याला या गावात त्यांनीच आणलं. पहिलं वर्षभर तो रोज दुपारी त्यांच्याकडेच जेवायचा आणि आमटी वाढता वाढता शंभर प्रश्न विचारायचा. असा शंकेखोर पोरगा अचानक निःशंक होतो कसा?

मॅडम पाळत ठेवायला लागल्या, आणि एकदा पाळत ठेवायची म्हटली की संशयाला खतपाणी मिळतंच. सुहित साडेआठला ओपीडीत यायचा तेव्हाच त्याचे डोळे ओढलेले असायचे. बारदेसकर सिस्टरशी तो हळू आवाजात काहीतरी बोलत असायचा, आणि मॅडम वॉर्डात शिरल्या की दोघं गप्प. मग त्यांनी चष्म्यांची देखभाल करणाऱ्या प्रज्योतला गाठलं आणि सुहितच्या चष्म्याची नोंद काढायला लावली.

“मॅडम, चष्मा एकदम ओके आहे. काही छेडछाड नाही,” प्रज्योत म्हणाला.

“वेळा वाच.”

“आठ चाळीसला चष्मा घातला. आठ बेचाळीसला पहिलं निदान. शंकांक चार.”

“दोन मिनिटांत? दोन मिनिटांत तर म्हातारा माणूस आपलं दुखणं सांगायला सुरुवातही करत नाही! आणि रोज असंच?”

“रोज असंच, मॅडम. हुशार आहेत ते,” प्रज्योत म्हणाला. तो आणि सुहित रविवारी एकाच टीमकडून क्रिकेट खेळतात हे मॅडमना आठवलं, आणि प्रज्योतही त्यांच्या यादीत जाऊन बसला.

त्यांनी ट्रस्टकडे तक्रारीचा अर्ज तयार केला. ‘डॉ. चौगुले यांनी यंत्रात फेरफार केल्याचा सबळ संशय.’ सही मात्र केली नव्हती.

पुढच्याच मंगळवारी अकरा वाजता मालन होडगे आली. वय बावन्न, सहा दिवसांचा ताप. म्हशींसाठी गवत कापायला ती डोंगराच्या अंगाला जायची. तिचा नवरा आनंदा तिला धरून आणत होता आणि वाटेत दिसेल त्याला सांगत होता, “लई ताप हाय वं, अंगावर हात ठेववंना.” त्याने हट्टाने चौगुले डॉक्टरच मागितले. सुहितने तपासलं, निदानाच्या रकान्यात ‘डेंग्यू’ लिहिलं आणि पडद्यावर आकडा उमटला, एक्केचाळीस.

वॉर्डातल्या लोकांनी माना वळवून पाहिलं. नियमाप्रमाणे केस मॅडमकडे आली.

मॅडम जिना चढत होत्या तेव्हाच त्यांच्या डोक्यात चक्रं फिरायला लागली होती. गेल्या आठवड्यात मी प्रज्योतकडे चौकशी केली. प्रज्योतने ती याच्या कानावर घातली. आणि आज, तीन वर्षांत पहिल्यांदा, याला एक्केचाळीस शंका! वा रे वा. चारचा आकडा खोटा वाटू नये म्हणून मुद्दाम एक मोठा आकडा काढून दाखवतोय. आता ‘मॅडम, मला कळत नाही’ असा चेहरा करून उभा असेल.

सुहित खाटेशी तसाच चेहरा करून उभा होता.

“मॅडम, डेंग्यूची टेस्ट निगेटिव्ह आली. प्लेटलेट उतरल्यात, लिव्हर थोडं बिघडलंय. डेंग्यू असू शकेल, पण मला सारखं वाटतंय काहीतरी सुटतंय.”

“सहाव्या दिवशी ती टेस्ट निगेटिव्ह येऊ शकते. हे मी तुला शिकवलंय.”

“हो मॅडम. तरी डॉक्सीसायक्लिन सुरू करू या का? खबरदारी म्हणून? गवतात जातात त्या. गवतातल्या किड्याचा ताप असला तर…”

“खबरदारी?” मॅडम हसल्या. “तुला कधीपासून खबरदारी लागायला लागली, सुहित? तुझा तर चारचा आकडा.”

सुहितचा चेहरा उतरला. मॅडमनी पोट दाबून पाहिलं, छाती ऐकली. हात त्यांचे मालनच्या अंगावर होते, लक्ष सगळं सुहितकडे. बारदेसकर सिस्टरने साडीच्या निऱ्या जराशा सैल केल्या. “मॅडम, इथं कमरेला काळं दिसतंय.”

मॅडमनी नजर टाकली. परकराची नाडी बसते तिथे, उजव्या बाजूला, काळा डाग होता.

“नाडीचं आहे, सिस्टर. जन्मभर करकचून नाडी बांधायची म्हटल्यावर काय होणार? आपल्याकडे कुठल्या बाईच्या कमरेला नाही?”

सिस्टरने साडी सारखी केली. मॅडमनी निदान कायम केलं, डेंग्यू, सलाईन आणि विश्रांती, आणि सुहितकडे एक कटाक्ष टाकून त्या निघाल्या. पडदा त्यांच्या पाठीमागे होता. आनंदा होडगेने मात्र आकडा पाहिला आणि हात जोडले. “देव पावला बगा, मॅडम.”

त्या दुपारी त्यांनी अर्जावर सही केली. संध्याकाळपर्यंत आदेश निघाला की गुरुवारी चौकशी होईपर्यंत डॉ. चौगुले यांनी कोणत्याही रोग्याला हात लावू नये.

बुधवारी मालनचा ताप तसाच होता, श्वास जरा जलद. मॅडमनी फाईलवर ‘आजाराचा नाजूक टप्पा, अपेक्षित’ असं लिहिलं. डेंग्यूत सातवा दिवस असा जातोच.

गुरुवारी चौकशीला ट्रस्टचे अध्यक्ष इंगवले बसले होते. गूळ कारखान्याचे मालक, माणूस सरळ, पण ताप आणि थर्मामीटर यापलीकडे वैद्यकातलं काही कळत नसलेला. वैद्यकीय जबानी चष्मा घालूनच द्यायची असा नियम होता, म्हणून मॅडम आणि सुहित दोघंही चष्मे घालून समोरासमोर बसले. भिंतीवर मोठा पडदा.

“चौगुले, बोला. चष्म्यात काय केलंत?” इंगवले म्हणाले.

“काही नाही केलं, सर. माझं काय करायचं ते नंतर करा. आधी त्या होडगे बाईंना कुणीतरी परत बघा. आज तिसरा दिवस आहे. त्यांची लघवी कमी झालीय म्हणतात.”

“विषय बदलू नकोस,” मॅडम म्हणाल्या. काय नाटकी पोरगा आहे, असं त्यांच्या मनात आलं.

“त्याच केसचं बघू की मग,” इंगवले म्हणाले. “प्रज्योत, दोघांचे आकडे लाव. हां. चौगुले, एक्केचाळीस. नेर्लेकर मॅडम, तीन.” त्यांनी कौतुकाने मान डोलावली. “बघा! याला म्हणतात अनुभव. वाद कसला राहिला?”

मॅडम पडद्याकडे बघतच राहिल्या. तीन?

एकतीस वर्षांत इतकी खात्री त्यांना कशाचीच वाटली नव्हती. नाडीच्या ठोक्याचीही त्या दोनदा मोजून खात्री करायच्या. मग मंगळवारी अकरा वाजता, दोन मिनिटांच्या तपासणीत, कसली खात्री वाटली? त्यांनी तो क्षण आठवला आणि त्यांना मालनचा चेहराच आठवेना. आठवला तो सुहितचा. त्यांना खात्री होती ती हा लबाडी करतोय याची. यंत्र बिचारं मन किती ठाम आहे ते मोजतं. कशाबद्दल ठाम आहे, ते त्याला कुठून कळणार? त्यांचा संशय इतका पक्का होता की शंकेला जागाच उरली नव्हती.

आणि मग तो डाग आठवला. नाडी कमरेभोवती फिरते. तिचा वण पट्ट्यासारखा येतो, कमरेला वेढा घालून. तो डाग गोल होता.

“अरे देवा,” मॅडम मोठ्याने म्हणाल्या आणि खुर्ची सरकवून उठल्या. “सुहित, चल. चल म्हणते ना!”

“मॅडम, चौकशी चालू आहे,” इंगवले ओरडले, पण ऐकायला तिथे होतं कोण? मॅडम जिन्यावर पोचल्या होत्या.

मालन गुंगीत होती. सिस्टरने पडदे ओढले, मॅडमनी स्वतःच्या हातांनी परकराची गाठ सोडली आणि कंबर उजेडात आणली. नाडीचा वण होता, सगळ्या बायकांना असतो तसा, तपकिरी पट्टा. आणि त्या पट्ट्यावरच, बिडीचा चटका बसावा तशी, गोल काळी खपली. कडेने लाल. जांघेत सुपारीएवढी गाठ. गवतात दिसणारही नाही एवढा किडा असतो. तो नाडीखालच्या उबदार जागेत शिरून चावला होता, आणि अंगात ताप सोडून गेला होता. औषध साधं, गावच्या कुठल्याही दुकानात मिळणारं. वेळेवर दिलं की दोन दिवसांत माणूस उठून बसतो.

“स्क्रब टायफस,” सुहित हळूच म्हणाला.

“तू मंगळवारीच म्हणत होतास. डॉक्सी सुरू कर. शिरेतून. तुझ्या हाताने.”

“मला हात लावायला बंदी आहे, मॅडम.”

“बंदी मी घातली, मीच उठवते. सुई घे!”

उशीर झाला होता. मूत्रपिंडं बसली होती. त्या दिवशी आणि शनिवारी दोनदा डायलिसिस करावं लागलं. मॅडम बाहेर बाकावर आनंदाशेजारी जाऊन बसल्या. हे त्यांना कुणी शिकवलं नव्हतं, पण उभ्याने सांगायची गोष्ट नव्हती ती.

“आनंदा, माझी चूक झाली. मी नीट बघितलं नाही. मंगळवारीच औषध द्यायला हवं होतं. ते डॉक्टर म्हणत होते, मी ऐकलं नाही.”

आनंदा म्हणाला, “तुमचा तीन बगून आमी गप बसलो, मॅडम. त्या डॉक्टरांचा येक्केचाळीस बगून मी त्यांच्याकडं तोंड फिरवलं वं. जाताना ते माज्याशी बोलाय लागले तर मी म्हनलं, तुमी नका बोलू.” त्याने टोपी काढून डोळे पुसले. “वाचंल न्हवं ती?”

“वाचेल असं वाटतंय. नक्की सांगता येत नाही.”

तो चिडेल असं मॅडमना वाटलं होतं. त्याने नुसती मान हलवली आणि टोपी परत घातली. मॅडमना मात्र तिथेच बसून रडू आलं, आणि त्यांनी ते आवरलं नाही.

रात्रभर डोळ्याला डोळा लागला नाही म्हणून शुक्रवारी सकाळी त्या सहालाच वॉर्डात आल्या. मालनच्या खाटेशी स्टूल घेऊन सुहित बसला होता. डोळ्यांवर चष्मा नव्हता. बंदी अजून कागदावर होती, तरी तो मालनचे पाय दाबून सूज बघत होता आणि स्वतःशीच काहीतरी पुटपुटत होता. मॅडमना बघून तो ताडकन उठला आणि निघून गेला.

मॅडमनी बारदेसकर सिस्टरला ड्युटी रूममध्ये नेलं. “हा रोज येतो?”

सिस्टरने आधी दरवाजा लावला. “तुम्हाला सांगितलं असतं तर तुम्ही लिहून दिलं असतं, मॅडम. म्हणून बोलले नाही. चौगुले सर सहाला येतात रोज, चष्मा न घालता. वॉर्डातले झाले की ओपीडीला पहाटेच नंबर लावलेल्यांनाही बघतात, अवघड पेशंटपाशी वीस-वीस मिनिटं. बोलतात, परत परत बघतात, मलाच विचारतात, सिस्टर, तुम्हाला काय वाटतं? पुस्तक काढून वाचतात. सगळ्या शंका काढून झाल्या की साडेआठला ओपीडीत जाऊन मग चष्मा घालतात. उशिरा येणाऱ्यांचं दुखणं बहुतेक साधंच असतं, पण मंगळवारी होडगे बाई अकराला आल्या. तेव्हा चष्मा डोळ्यांवरच होता. करणार काय?”

मॅडम खुर्चीत बसल्या. म्हणजे आकडा खरा होता. पोरगा रोज पोटभर शंका घेत होता, फक्त यंत्रासमोर नाही. आणि आपला आकडा पंचवीस म्हणून मिरवणाऱ्या आपण, त्याच्यासाठी वेळ काढून कधी त्याला नीट विचारलं तरी का, की बाबा, कसं काय चाललंय? त्यांना स्वतःची भयंकर लाज वाटली.

पण पुढचा पेच त्याहून वाईट होता. चौकशी सोमवारी पुन्हा बसणार होती. सुहितने चष्म्यात फेरफार केला नाही हे सिद्ध करायचं तर चारचा आकडा येतो कसा ते सांगायला हवं. ते सांगितलं की चष्म्याशिवाय रोगी तपासल्याबद्दल त्याची नोकरी जाणार. त्यानंतर सकाळी सहाला त्या स्टुलावर कुणी बसणार नाही. आणि नाही सांगितलं, तर एकतीस वर्षांत रोग्याच्या कागदावर कधी खोटं न लिहिलेल्या बाईने अध्यक्षांसमोर धडधडीत खोटं बोलायचं.

सोमवारी पहाटे उठून त्यांनी चहा केला आणि अंगणात फेऱ्या घालायला सुरुवात केली. चष्मा आत टेबलावर होता. नियम मोडणाऱ्याला पाठीशी घालणं बरोबर का? उद्या आणखी कुणी चष्म्याशिवाय बघेल, आणि तो सुहितसारखा नसेल, तेव्हा? खरं सांगून नियमच बदलून घेता येईल का? इंगवले ऐकतील? विमा कंपनी ऐकेल? की सगळं खरं सांगून शेवटी पोराचाच बळी जाईल? प्रत्येक शंकेला त्यांनी नीट बसवून विचारलं, परत विचारलं. चहा दोनदा झाला. उन्हं जास्वंदीपर्यंत आली तेव्हा त्यांच्याकडे एकही शंका शिल्लक नव्हती. मग त्यांनी साडी बदलली आणि चष्मा घातला.

चौकशीत त्या पहिल्यांदा स्वतःबद्दल बोलल्या. होडगे बाईंच्या निदानात चूक माझी, डॉ. चौगुले यांचा संशय योग्य होता, त्यांना रोखलं मी, माझ्यावर काय कारवाई करायची ती करा. कालपासून मालनला लघवी व्हायला लागली होती आणि सकाळी तिने पेज मागितली होती, हेही त्यांनी सांगितलं. इंगवले अवघडून गेले. कागद उलटेपालटे करत म्हणाले, “ते बघू आपण, मॅडम. मोठ्या माणसांच्याही चुका होतात. पण मूळ तक्रार? हा चारचा आकडा?”

“यंत्रात काही फेरफार नाही. तक्रार मी मागे घेते.”

“मग दोन मिनिटांत निदान होतं कसं यांचं? चष्मा घालायच्या आधी पेशंट बघतात की काय हे? तसं असेल तर मला कंपनीला कळवावं लागेल. तुम्ही त्यांच्या सीनियर, रोज त्याच वॉर्डात. तुम्ही सांगा.”

समोर सुहित मान खाली घालून बसला होता. त्याच्या हाताची बोटं एकमेकांत घट्ट गुंतली होती. सगळं संपलं असंच त्याला वाटत असावं.

“नाही,” मॅडम म्हणाल्या. “चष्म्याशिवाय ते पेशंटला हात लावत नाहीत. मी खात्री करून घेतली आहे.”

इंगवल्यांनी भिंतीकडे पाहिलं. पडद्यावर नेर्लेकर मॅडमच्या नावापुढे आकडा उमटला होता, दोन.

“दोन!” ते खुशीत म्हणाले. “झालं तर मग. आता शंकाच नको.” आणि त्यांनी फाईल मिटली.